एका बिळातून निघालेल्या बहिणी

मर्ल ट्रँटरला आपली टॉफी अंधारातसुद्धा ओळखू यायची. निदान मर्ल तसं सांगायची, आणि फेरेट, म्हणजे सशांच्या बिळात सोडायची मुंगसासारखी लांबट जनावरं, पाळणाऱ्यांच्या मंडळात मर्लचं सांगणं कुणी खोडून काढत नसे. मंडळाच्या बैठकीत चहा आणि केक संपले की जनावरांच्या तब्येतीवर चार शब्द बोलायचा मान तिचा. ती उभी राहायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि बजावायची, की मादीची पिशवी वेळेवर काढून घ्या. नाहीतर वसंतात ती माजावर येईल, नर मिळाला नाही तर माजावरच राहील, आणि माज उतरला नाही तर हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथंच ते आटत जाईल. गाईचा माज येतो तसा जातो. फेरेटच्या मादीचा नराशिवाय जात नाही. जातच तशी हट्टी.

मग मागच्या बाकावरून ऑसी ट्रँटर खाकरायचा. हा मर्लचा आधीचा नवरा. तो मर्लशी बोलत नसे, म्हणून छताशी बोलायचा. "पिशवी काढा म्हणे. पुढचंही सांगा ना. पिशवी काढली की मूत्रपिंडावरची ती अ‍ॅड्रिनलची ग्रंथी पिसाळते, तिचं काम स्वतःच करायला लागते, आणि जनावराच्या शेपटीवर केस राहत नाही. उंदराची शेपटी बरी."

गंमत अशी, की दोघंही खरं बोलत होते. पिशवी ठेवली तर रक्त आटायची भीती, काढली तर ग्रंथी बिघडायची भीती. हा हातभर लांबीचा मऊ जीव घडवताना देवाचं लक्ष कुठेतरी दुसरीकडे असावं. पण खरं दोन्ही बाजूंना आहे म्हणून भांडण मिटतं, असं ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या त्या टेकड्यांमध्ये तरी कधी घडलं नव्हतं.

ज्यांना मधला रस्ता हवा असे, ते नोला स्परलिंगच्या बिशपला बोलवायचे. बिशप म्हणजे नसबंदी केलेला नर. धिप्पाड, पिवळट, मानेवर जुन्या चाव्यांचे वण. तो वसंतात गावोगाव फिरायचा. मादीबरोबर एक दुपार काढायचा, तिचा माज उतरवायचा, पिल्लांचं लफडं मागे न ठेवता घरी परतायचा. बदल्यात नोलाला डझनभर अंडी मिळायची. नोला मंडळाची चिटणीस होती आणि तिला गावातल्या सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटायचं. त्याचा त्रास अर्थातच सगळ्यांना व्हायचा.

टॉफी आणि रोझी एकाच विणीतल्या बहिणी. मर्ल आणि ऑसी एकत्र राहत होते तेव्हा दोघी एकाच जुन्या स्वेटरात वेटोळं करून झोपायच्या. कुठली शेपूट कुणाची ते कळायचं नाही. मग एकदा ऑसी गुरांच्या बाजाराला गेला असताना मर्लने टॉफीला पेटीत घातलं, ट्रारालगनला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं आणि पिशवी काढून आणली. ऑसी परतला तेव्हा टॉफीच्या पोटावर टाके होते आणि मर्लच्या चेहऱ्यावर आपण बरोबर असल्याचं समाधान होतं. त्याला न विचारता, हे त्याला लागलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, हे तिचं उत्तर. त्या एका पिशवीमागून मग संसारातल्या सगळ्या जुन्या पिशव्या उघडल्या गेल्या. शेवटी मर्ल टॉफी, किटली आणि शिकारीची चांगली जाळी घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. रोझी आणि घर ऑसीकडे राहिलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं असलं की नोला होतीच.

नोलाला वाटलं, हे बरं नव्हे. म्हणून त्या हिवाळ्यात मंडळाची सशांची शिकार ठरली, तेव्हा तिने मुद्दाम दोघांना एकाच टेकाडावर पाठवलं.

दव गोठलं होतं, धुकं होतं, गवत पायाखाली करकरत होतं. टेकाडाला या अंगाने बिळं, त्या अंगाने बिळं, आत सगळी एक. रीत अशी, की बिळाच्या तोंडांवर जाळी पसरायची, फेरेट आत सोडायचं आणि गप्प राहायचं. बोललं की सशाला वर माणूस असल्याचं कळतं, मग तो आत दबून बसतो, बाहेर पळत नाही. फेरेटच्या गळ्यात पट्टाही नको, झाडांच्या मुळांत अडकून जीव जातो. मर्लने टॉफीला या बाजूने सोडलं, ऑसीने रोझीला त्या बाजूने. त्या दिवशी त्या टेकाडावर जेवढी शांतता पाळली गेली तेवढी मंडळाच्या इतिहासात कुणी पाळली नसेल. रीतही सांभाळली गेली, वैरही.

ससे भरपूर मिळाले. संध्याकाळी मर्लच्या बाजूच्या बिळातून एक चिखलाने माखलेलं नाक वर आलं, ऑसीच्या बाजूने दुसरं. ज्याच्या पुढ्यात जी आली, ती त्याने उचलली, पेटीत घातली. रीत तीच. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

घरी आल्यावर टॉफी बदलली.

मर्लने तिला पिल्लू असल्यापासून एक सवय लावली होती. चमचा कपावर किणकिणला, की टॉफी असेल तिथून धावत यायची. आता मर्ल कप फुटेल इतकं ढवळायची आणि टॉफी सोफ्याखालून नुसती बघायची. बोटाला चावायला लागली. मोजे नाहीसे व्हायला लागले. मर्लने ठरवलं, बिळातली ओल बाधली. चेहराही जरा वेगळा वाटत होता, पण फेरेटच्या तोंडावरचा मुखवट्यासारखा पट्टा तर दर ऋतूला बदलतो. हिवाळ्यात पांढुरका, उन्हाळ्यात काळा. हे तिने बैठकीत कितीतरी वेळा सांगितलं होतं.

नोला चहाला आली तेव्हा ऑसीची बातमी घेऊन आली. "अगं, त्याने रोझीला काय शिकवलंय. तो चहा ढवळायला लागला की ती पळत येते. गावभर सांगत सुटलाय. म्हणतो, प्रेमाने सांगितलं की जनावर ऐकतं, ज्यांना सांगता येत नाही त्यांनी कापाकापी करावी."

"त्याला कुणी काही शिकवू शकलं नाही," मर्ल म्हणाली, "आणि तो दुसऱ्याला शिकवतोय." असं म्हणून तिने रागारागाने आपला चहा ढवळला. सोफ्याखालच्या जिवाने कूस बदलली आणि झोप पुढे चालू ठेवली.

मग वसंत आला. मॅगपाय पक्षी वाटसरूंच्या टाळूवर झडप घालायला लागले, वॅटलच्या फुलांची पिवळी धूळ खिडक्यांवर बसली, आणि एका सकाळी मर्लने टॉफीला उचललं तर तिच्या शेपटीखाली जर्दाळूएवढी सूज. माजावर आलेल्या मादीला येते तशी. पण टॉफीची तर पिशवी काढलेली. पिशवी नसलेल्या मादीला अशी सूज येते ती एकाच कारणाने, आणि ते कारण मर्लने मंडळाला तोंडपाठ करायला लावलं होतं. अ‍ॅड्रिनल.

तिला वाईट वाटलं. ऑसी बरोबर ठरला याचं जरा जास्तच वाटलं.

पण मर्ल हातपाय गाळणारी बाई नव्हती. उजेड वाढला की ही ग्रंथी चेकाळते, म्हणून तिने मागच्या खोपटाच्या खिडक्यांना काळी कापडं ठोकली. टॉफीला दिवसाचा मोठा भाग अंधारात ठेवलं. झोपेची गोळी कुस्करून अंड्यात कालवली. ट्रारालगनच्या डॉक्टर क्वोक बाईंना फोन करून सांगितलं, की टॉफीला अ‍ॅड्रिनल झालंय, तांदळाच्या दाण्याएवढी ती औषधाची कांडी कातडीखाली बसवायची आहे, मागवून ठेवा. डॉक्टर म्हणाल्या, मागवते, यायला वेळ लागेल, तोवर एकदा दाखवून जा. मर्ल म्हणाली, उजेडात फिरवून उगाच त्रास कशाला. कांडी आली की आणते. आजार काय आहे ते मला ठाऊक आहे.

तिच्या आवाजात इतकी खात्री होती की डॉक्टरने वाद घातला नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला ऑसीच्या घरीही सूज आली होती. पण त्याच्या रोझीची पिशवी जागेवर, तेव्हा त्याला त्यात आजार दिसायचं कारणच नव्हतं. वसंत आहे, मादी आहे, माज आहे. त्याने अंडी दिली आणि बिशपला घेऊन आला. बिशपने आपलं काम मन लावून केलं. सूज उतरली नाही. त्याने बिशपला ठेवूनच घेतलं, पुन्हा एक दुपार दिली. सूज तशीच. ऑसीने नोलाला आडून विचारलं, की बिशपचं वय झालं का. नोलाला हे इतकं लागलं की ती तडक मर्लकडे आली.

"म्हणतो, बिशपला आता नुसतं नावापुरतं ठेवलंय. माझ्या बिशपला."

"बिशपचं काही चुकलं नसणार," मर्ल समाधानाने म्हणाली. तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. "त्याला सांग, तिच्या हिरड्या बघ म्हणावं. इतके दिवस माज उतरला नाही म्हणजे हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील. रक्त आटत चाललं असेल. मी ओरडून ओरडून सांगत होते."

"हिरड्या कुठल्या पांढऱ्या? हॅमसारख्या गुलाबी आहेत. धावते, खाते. फक्त शेपटी मात्र पार सोलल्यासारखी झालीय. एक केस नाही."

"वसंतात गळतात थोडे," मर्ल म्हणाली आणि नोलाला आणखी एक बिस्किट दिलं.

दुसऱ्या सकाळी ती खोपटात गेली, अंड्याची बशी ठेवली, हाक मारली. टॉफी उठली नाही. हाक ऐकत नसली तरी अंड्याला ती नाही म्हणत नसे. मर्लने तिला बाहेर काढलं. पुढचे पाय चालत होते, मागचे ओढले जात होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. तिचं वजन मुठीत धरलेल्या लोकरीच्या गुंड्याएवढं झालं होतं. मर्लने दारातल्या उजेडात येऊन तिचा ओठ वर केला.

हिरड्या मेणबत्तीसारख्या पांढऱ्या होत्या.

मर्लला आपलंच कालचं वाक्य आठवलं. पण ते ऑसीच्या रोझीसाठी होतं. अ‍ॅड्रिनलमध्येही शेवटी रक्त घटतं कधीकधी, तिने स्वतःला सांगितलं, आणि तरीही अंगावरचा स्वेटर काढून तिने टॉफीला त्यात गुंडाळलं आणि गाडी काढली. ट्रारालगनपर्यंतच्या रस्त्यावर ती एका हाताने गाडी चालवत होती, दुसरा हात पेटीत. आतला श्वास बोटांना लागायचा, लागायचा नाही, पुन्हा लागायचा.

डॉक्टर क्वोक बाई कमी बोलायच्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या, कानाच्या आत पाहिलं. तिथं टाचणीने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके होते. मग यंत्राने टॉफीच्या पोटावरचे केस कापले आणि बराच वेळ त्या पोटाकडे बघत राहिल्या.

"मिसेस ट्रँटर, हिची पिशवी कुणी काढली?"

"तुम्हीच."

"मग मी फारच सुंदर काम केलेलं दिसतंय. टाक्याचा वण कुठेच नाही."

मर्लने वाकून पाहिलं. ते गुलाबी, पातळ, बिनटाक्यांचं पोट वर-खाली होत होतं.

"हिला अ‍ॅड्रिनल नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "ही माजावर आहे. वसंत लागल्यापासून असावी. सूज दोन्हीत येते, केस दोन्हीत गळतात, त्यामुळे चूक होऊ शकते. पण हिचं रक्त आटलंय. माज उतरायचं इंजेक्शन मी आत्ता देते, त्याला काम करायला दिवस लागतील, आणि तेवढे दिवस हिच्याकडे नाहीत. दुसऱ्या फेरेटचं रक्त चढवायला हवं. यांच्यात रक्तगटाची भानगड नसते, कुणाचंही चालेल. मोठा, निरोगी नर हवा."

त्या एवढं बोलेपर्यंत मर्ल तिथं नव्हती. ती हिवाळ्यातल्या त्या टेकाडावर होती, धुक्यात, गप्प, आणि तिच्या पुढ्यातल्या बिळातून एक चिखलाने माखलेलं नाक वर येत होतं. या बाजूने एक, त्या बाजूने एक.

चावणं. मोजे. न ऐकू येणारा चमचा.

"ही टॉफी नाही," ती म्हणाली. "ही रोझी आहे. माझ्या नवऱ्याची." मग दुरुस्त केलं. "आधीच्या."

फोन नंबर शोधावा लागला नाही. उभं आयुष्य तो तिच्या स्वतःच्या घरचा नंबर होता. पलीकडून आधी किटलीची शिट्टी ऐकू आली. नवी असावी, जुनी तिच्याकडे होती.

"कोण?"

"मी."

शिट्टी बंद झाली. "कोण गेलं?" ऑसीने विचारलं. या आवाजाच्या फोनचा दुसरा काही अर्थ त्याला सुचला नाही.

"कुणी नाही. अजून नाही. तुझी रोझी माझ्याकडे आहे."

"रोझी इथे माझ्या पायाशी आहे. मी चहा ढवळत—"

"चहा ढवळला की येते ती टॉफी, ऑसी. मी शिकवलंय तिला. उलटी कर आणि पोटावरचे केस फुंकून बघ."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कुठेतरी खुर्ची सरकली. मग ऑसी फुंकर मारताना ऐकू आला, गरम सूप निववावं तशी.

"शिवण आहे," तो परत येऊन म्हणाला.

"असणारच."

"म्हणजे हिवाळ्यापासून मी तुझ्या—"

"ते मागाहून बोल. रोझीचं रक्त आटलंय. मी तिला अंधारात कोंडून ठेवलं, अ‍ॅड्रिनल समजून. माज होता तो. तिला रक्त द्यायला मोठा नर हवाय. बिशप अजून तुझ्याकडे आहे ना?"

"आहे. आज परत करणार होतो. नोला म्हणाली की माझ्यासारख्या माणसाकडे तिला तो ठेवायचा—"

"ऑसी."

"निघालो," तो म्हणाला.

तो आला तेव्हा त्याच्या अंगात घरातलीच मळकी जर्सी होती आणि दोन्ही हातांत दोन पेट्या. एकीत टॉफी, दुसरीत बिशप. मर्लकडे त्याने पाहिलं नाही, थेट टेबलाशी गेला. स्वेटरातून बाहेर आलेल्या त्या नाकाशी त्याने बोट नेलं. रोझीने डोळे न उघडता ते बोट तोंडात धरलं. चावायची ताकद नव्हती, नुसतं धरलं.

"हो, हीच," तो म्हणाला. "दुसरी कुणी असती तर चाटलं असतं."

डॉक्टरांनी बिशपला गुंगी देऊन आडवा केला. त्याच्या जाड मानेतून सुई भरून रक्त काढलं, आणि ते थेंब थेंब रोझीच्या बारीक शिरेत सोडायला घेतलं. वसंत लागल्यापासून बिशपला जिच्यासाठी बोलावणं होतं, ती ही. तेव्हा योग्य घरी आला असता तर एका दुपारीत, हसतखेळत काम झालं असतं. आता तो जीभ बाहेर टाकून पडला होता आणि त्याचं काम सुई करत होती.

बाहेरच्या खोलीत ऑसी आणि मर्ल दोन खुर्च्यांवर बसले, मधे एक रिकामी खुर्ची. भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांची चित्रं. मदतनीस मुलीने चहा आणून दिला. त्यांना दोघांना गप्प बसायची चांगली सवय झाली होती. मर्लने चहात साखर घातली आणि सवयीने ढवळली.

ऑसीच्या पायाशी ठेवलेल्या पेटीत एकदम खडबड झाली. दाराच्या जाळीतून एक नाक बाहेर आलं, मग एक पंजा, मग सगळी पेटीच मर्लच्या दिशेने सरकायला लागली.

मर्लने चमचा खाली ठेवला. तिला चहा पुढे ढवळवेना.

"मी सगळ्या गावाला सांगितलं की मी शिकवलं," ऑसी म्हणाला. तो छताकडे बघत होता, पण छताशी बोलत नव्हता.

"मला कळलं होतं."

"मी म्हणालो, शहाणी झाली पोर. हाक मारली की येते, बोट चावत नाही, मी जेवायला बसलो की शेजारी बसते. मी म्हणालो, इतकं गुणी जनावर मी जन्मात पाहिलं नाही." त्याने कानाची पाळी चोळली. "तुझीच होती, तेव्हा."

त्याने तिच्याविषयी इतकं चांगलं तिच्या तोंडावर कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आताही ते फेरेटवरून वळसा घालून आलं होतं, पण आलं होतं.

"मी सांगितलं की आजारामुळे चावते," ती म्हणाली. "आजारामुळे मोजे चोरते. एकसुद्धा मोजा उरला नाही मला."

"फ्रिजच्या मागे बघितलंस?"

"नाही."

"तिथे असतील. ती नेहमी तिथेच नेते. मी सांगितलं असतं." त्याने चहाचा घोट घेतला. "विचारलं असतंस तर."

"विचारलं असतं तर तू छताला सांगितलं असतंस."

ऑसी हसला. मोठ्याने नाही, नाकातून, जसा तो पूर्वी बाजारात गाय स्वस्त मिळाली की हसायचा. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. दोघं एकदम उभे राहिले.

"हिरड्यांना जरा रंग आलाय," डॉक्टर म्हणाल्या. "खात्री आज देता येत नाही. रात्र काढली तर आशा आहे. बिशपला भरपूर खायला घाला. आणि आता ती दुसरी दाखवा, शेपटीवर केस नसलेली."

टॉफीला खरंच अ‍ॅड्रिनल होतं. मर्लने मागवलेली कांडी त्याच आठवड्यात आली होती, कपाटात पडून होती, तिचंच नाव लिहून. ती टॉफीच्या खांद्यामागे कातडीखाली बसली. आजार बरोबर ओळखला होता, फक्त दुसऱ्याच्या घरचा. डॉक्टरांनी हेही सांगितलं, की रोझी उठली, अंगात जोर आला, की तिलाही हीच कांडी देऊ; पिशवी न काढता माज थांबेल.

"हीच?" ऑसीने विचारलं. "जी पिशवी काढलेलीला, तीच न काढलेलीला?"

"तीच."

दोघांनी त्या बारीकशा रिकाम्या सुईकडे पाहिलं. एवढ्याशा दाण्याने सुटणाऱ्या भांडणावर एक अख्खा संसार मोडला होता, आणि तो दाणा कुणाची बाजू घ्यायला तयार नव्हता.

रोझीने ती रात्र काढली. पुढचीही काढली. पुन्हा रक्त चढवायला लागलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, की एकटी असली की खात नाही, टॉफीला शेजारी ठेवलं की खाते. दोघींनाही अजून मंद उजेड हवा होता. काळी कापडं ठोकलेलं खोपट मर्लकडे होतं, आणि रोझीला ज्या बोटावरून खायची सवय होती ते बोट ऑसीचं होतं. तेव्हा ऑसी रोज सकाळी मर्लच्या खोपटात यायला लागला. आधी नुसतं खायला घालून जायचा. मग चहा प्यायला थांबायला लागला. मग फ्रिजमागचे मोजे काढायला फ्रिज सरकवावा लागला, फ्रिजखालची फळी कुजलेली निघाली, ती बदलायला त्याला दुपार लागली. नोला रस्त्याने जाता जाता त्याची गाडी तिथे उभी बघायची आणि वाटेत भेटेल त्याला सांगायची, की हे सगळं तिने घडवून आणलं, त्या दोघांना एका टेकाडावर धाडून. ते एका अर्थी खरंच होतं. त्यात एक जीव जाता जाता राहिला, एवढी गोष्ट ती सांगताना गाळायची.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाची शिकार पुन्हा ठरली. टॉफीच्या शेपटीला नवे केस आले होते, उजळ आणि जरा आगाऊ. रोझी जाड झाली होती आणि सगळ्यांना चावत होती. नोलाने मोठ्या मनाने मर्ल आणि ऑसीला पुन्हा तेच टेकाड दिलं.

दव गोठलं होतं, धुकं होतं, गवत करकरत होतं. जाळी पसरली, दोघी आत गेल्या, आणि टेकाडाच्या या अंगाने ऑसीने विचारलं, की काल आणलेलं मटण फार खारट नव्हतं का. त्या अंगाने मर्ल म्हणाली, खारट नव्हतं, तुझ्या जिभेलाच आता काही कळत नाही. तो म्हणाला, कळतं, न कळायला काय झालं. ती म्हणाली, मग गेल्या रविवारी मोहरी कुणी विसरली. सकाळभर हेच. आत ससे एकमेकांना चिकटून बसले, एकानेही बाहेर उडी घेतली नाही. शेजारच्या टेकाडांवर माणसं दातओठ खात होती. नोला धापा टाकत वर आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, गप्प बसा रे दोघं. रीत आहे ना काही. मागच्या वर्षी किती छान पाळली होतीत."

"मागच्या वर्षी पाळली," मर्ल भर आवाजात म्हणाली, "ती पुरेशी झाली."

नोला हात टेकून खाली उतरली. मंडळाच्या पुढच्या बैठकीत या दोघांना वेगवेगळी टेकाडं द्यावीत असा ठराव ती स्वतःच मांडणार होती.

दुपारी मर्लच्या पुढ्यातल्या बिळातून एक चिखलाने माखलेलं नाक वर आलं. थोड्या वेळाने त्याच बिळातून, त्याच्याच पाठोपाठ, दुसरं. दोन्ही तितकीच मळकी, दोन्ही तितकीच ओळखीची.

"कोण कोण आलं?" ऑसीने पलीकडून विचारलं.

मर्लने एकीला उचललं. अंधारातसुद्धा ओळखू यायची तिला, असं ती सांगायची. तिने त्या चिखलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग तिला हलकेच उलटं केलं आणि पोटावरच्या केसांवर फुंकर मारली.

"थांब," ती म्हणाली. "बघून सांगते."